पिशवी कुठून आली?

ठाण्याच्या वागळे इस्टेट भागातल्या एका वाचक ताईंच्या पत्राचा हा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. ताई ६६ वर्षांच्या, यजमान ७२. यजमान जवळच्याच एका कंपनीत स्टोअरकीपर होते. कंपनी बंद पडली, हिशेबाचे पैसे तुकड्यातुकड्यांनी आले आणि तसेच संपले. चाळीतली खोली स्वतःची आहे. यजमानांची पीएफ पेन्शन महिन्याला १,६५० रुपये, आणि साड्यांना फॉल-बिडिंग करून ताई बाराशेच्या आसपास कमावतात. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर थांबले. मुलगा पुण्यात असतो. त्याच्यावर घराचं कर्ज आहे, म्हणून त्याला काहीच कळवलेलं नाही.

गेले आठ महिने ताई दर दुसऱ्या शनिवारी पलीकडच्या देवळाच्या सभागृहात जातात. तिथे परिसरातल्या बायकांनी मिळून धान्याचं सामाईक कपाट चालवलं आहे. तिथून त्या तांदूळ, डाळ, तेल, चहा, साखर आणतात. घरी मात्र सांगितलंय, “रेशनवर आपलं नाव लागलं.” खरं तर त्यांच्या केशरी कार्डावर धान्य मिळतच नाही. यजमानांचा बाणा असा, की फुकटचं अन्न अंगाला लागत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात त्यांनीच चाळीत रात्रभर खिचडी रांधून अडकलेल्या लोकांना वाढली होती. मागच्या खेपेला कार्यकर्त्यांनी वाटपाचे फोटो काढले. ते व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत घरी पोचतील या धास्तीने ताईंची झोप उडाली आहे. त्या विचारतात, “जाणं बंद करू, की खोटं तसंच रेटू? माझं काय, मला भूक कमीच लागते. पण यांच्या मानाला धक्का बसला तर ते खचतील. आणि आमच्याहून गरजू माणसांचा घास आपण घेतोय का, हेही मनातून जात नाही.”

*

ताई,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. “मला भूक कमीच लागते” हे वाक्य त्यात दोनदा आलं आहे. एकदा डाळ किती दिवस पुरवता ते सांगताना आणि एकदा शेवटी. मधे कुठेतरी तुम्ही सहज लिहून गेलात, की यांना वरण-भात वाढून झाला की तुम्ही चहात बुडवून चपाती खाता.

वयाबरोबर भूक मंदावते हे खरं आहे. पण भूक मंदावणं वेगळं आणि डबा रिकामा दिसल्यावर भूक गिळणं वेगळं. लाडक्या बहिणीचे पैसे यायचे तेव्हाही तुम्ही रात्री चहा-चपातीच खात होतात का? हे मला नका सांगू, स्वतःला विचारा. आपल्या घरांमधून बाई शेवटी जेवते आणि उरेल ते जेवते. तरुणपणी शरीर ते सोसतं. साठीनंतर पानात डाळ, दूध, अंडं, कडधान्य यांतलं काहीच नसेल तर दंड-मांड्यांतली ताकद ओसरत जाते, जिन्यावर तोल जातो. चाळीच्या जिन्यावर पडून खुब्याचं हाड मोडलेल्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. ‘यांचा मान की धान्य’ असा प्रश्न तुम्ही मला घातलात. त्यात तुमचं ताट कुठेच नाही, आणि ते मांडल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.

आधी तुमची ती बोचणी, दुसऱ्याचा घास घेतल्याची. दोघांचं मिळून महिन्याला २,८५० रुपये येतात. त्यात वीज, गॅस, यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, तुमचा चष्मा. ज्यांच्यासाठी अशी कपाटं उघडतात ते तुम्हीच आहात. ‘गरजू’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फाटक्या कपड्यांतलं कोणीतरी येतं. धुवट, इस्त्रीची साडी नेसून रांगेत उभी राहिलेली स्टोअरकीपरची बायको त्या चित्रात बसत नाही, म्हणून ती स्वतःला त्यात धरत नाही. तरीही मन खात असेल तर तिथल्या बायकांना सरळ विचारा, “रिकाम्या हाताने कोणी परत जातं का?” जात असेल तर तुमच्या घरी पुरून उरतं ते, साखर म्हणा, चहा म्हणा, तिथेच ठेवून या. डाळ मात्र ठेवू नका.

आता यजमान. हा शब्दच बघा. आपल्याकडे नवऱ्याला यजमान म्हणतात आणि आल्यागेल्याला जेवू घालतो त्यालाही यजमानच म्हणतात. तुमच्या यजमानांनी हे दोन्ही अर्थ मनापासून जगलेत असं पत्रावरून वाटतं. पुराच्या रात्री चूल पेटवणाऱ्या माणसाला आता दुसऱ्याच्या चुलीकडे बघायचं आहे. ते दुखणं खरं आहे, त्याला हट्ट म्हणून झटकून टाकू नका.

पण ताई, एक शंका मला स्वस्थ बसू देत नाही. हा माणूस आयुष्यभर स्टोअर सांभाळत होता. कुठला माल कुठून आला, चलन कुठलं, वजन किती, पोत्यावर छाप कोणाचा, हे बघण्यात त्याची हयात गेली. ज्या कार्डावर रेशनचं धान्य मिळतं, त्यावरही मुख्यतः तांदूळ आणि गहूच मिळतो. तुमच्या पिशवीत दर पंधरा दिवसांनी तेलाची पिशवी, चहाचा पुडा, तूरडाळ येते. हे रेशनच्या दुकानातलं नाही, हे त्यांना आठ महिन्यांत एकदाही कळलं नसेल? मी तुमच्या घरात नाही, त्यामुळे पैजेवर सांगत नाही. पण मला दाट वाटतं की त्यांना ठाऊक आहे, निदान संशय तरी आहे. तुम्ही त्यांचा मान राखायला बोलत नाही आणि ते तुमचा मान राखायला विचारत नाहीत. तसं असेल तर तुम्ही ज्याला खोटं म्हणता ते तुम्ही दोघं मिळून सांभाळताय.

म्हणून माझं उत्तर असं: जाणं बंद करू नका, आणि हे गुपित आणखी आठ महिने ओढू नका. फोटो हिंडत आला आणि शेजारच्या कोणी पारावर विषय काढला, तर त्यांना लागेल ते धान्याचं नाही, बायकोने आपल्याला परकं ठरवल्याचं लागेल. त्याआधी तुमच्या तोंडून कळू दे.

कसं सांगायचं? जेवताना तर मुळीच नको. घास घशाशी अडकेल आणि पुढे कायम अडकेल. सकाळचा चहा झाल्यावर, दार लोटून, दोघंच असताना. कबुलीजबाब दिल्यासारखं बोलू नका, तुम्ही गुन्हा केलेला नाही. एवढंच म्हणा, “रेशनवर नाव लागलं असं मी तुम्हाला सांगितलं होतं, ते खरं नाही. मी देवळातल्या कपाटातून आणते. मला तुमच्याशी लपवाछपवी नको झालीय. आणि मला रात्री भूक लागते.” शेवटचं वाक्य गाळू नका. आजवर तुम्ही त्यांच्यासमोर ते उच्चारलेलंच नाही.

ते चिडतील कदाचित. किंवा उठून गॅलरीत जाऊन उभे राहतील. जाऊ दे. वाद जिंकायला बसू नका. एखाद-दोन दिवसांनी, मन शांत दिसलं की पुराच्या रात्रीचा विषय काढा. त्या रात्री ज्यांनी तुमच्या दारात बसून खिचडी खाल्ली त्यांच्याबद्दल यांना काय वाटलं होतं, ते विचारा. त्यांच्यात ऑफिसातले साहेबलोक असतील, कॉलेजच्या मुली असतील, कोणी खिशात पैसे असूनही अडकलेले असतील. त्यांनी हात पसरला असं यांना वाटलं होतं का? मला वाटतं, त्या रात्रीचे चेहरे यांना अजून आठवत असतील आणि त्यांच्याबद्दल एकही उणा शब्द निघणार नाही. पुढचं तुम्ही बोलू नका, त्यांचं त्यांना जोडू द्या.

एसटीचंही तसंच आहे. खोपटहून गावाकडे जाताना तुमचे यजमान ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट काढत असणार. मार्च २०२३ पासून तुम्हालाही, बाई म्हणून, अर्धंच लागतं. उरलेलं अर्धं आपण सगळ्यांनी मिळून भरलेलं असतं. ते घेताना मान खाली जात नाही, कारण खिडकीवर कोणी आपला फोटो काढत नाही आणि कंडक्टर उपकार केल्यासारखं तिकीट फाडत नाही. त्रास घेण्याचा नसतो ताई, देणारा कसा देतो त्याचा असतो. फोटोकडे मी पुढे येतेच.

त्याआधी कागदपत्रांचं. तुम्ही जे खोटं सांगितलंत ते खरं करता येण्याजोगं आहे. केशरी कार्ड असणं आणि त्यावर धान्य मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे माहीत नसलेली कितीतरी घरं ठाण्यात, कळव्यात, ऐरोली-दिघ्यात आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली तुमचं कुटुंब ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून यादीत असेल तरच माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आपल्या राज्यात शहरी भागासाठी त्याची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये ठरलेली आहे. तुमची पेन्शन वर्षाला १९,८०० होते आणि शिवणाचे चौदा-साडेचौदा हजार. एकूण चौतीस हजारांच्या आसपास. तुम्ही मर्यादेच्या बऱ्याच आत आहात.

तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला काढा. आपले सरकार सेवा केंद्रात त्याचा अर्ज करता येतो. तो दाखला, दोघांची आधार कार्डं आणि जुनं केशरी कार्ड घेऊन तुमच्या भागाच्या शिधावाटप कार्यालयात प्राधान्य यादीत नाव घेण्यासाठी लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. “इष्टांक भरलाय, जागा नाही” असं उत्तर मिळू शकतं. ते खरंही असतं, कारण यादीला संख्येची मर्यादा आहे. पण मृत्यूमुळे, स्थलांतरामुळे नावं कमी होतात आणि जागा निघते. अर्ज दाखल असेल तरच ती तुमच्यापर्यंत येईल. महिन्यातून एकदा विचारून या, नाहीतर १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तुमच्या मुलाचं नाव अजून याच कार्डावर असेल आणि तो पुण्यात वेगळा राहत असेल तर ते आधी कमी करून घ्या, नाहीतर उत्पन्नाचा हिशेब त्याच्या पगारासकट होईल.

नाव लागलं की दोघांची ई-केवायसी करावी लागेल. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, मशीनवर उठत नाहीत, आणि भांडी-धुण्याने बायकांचे तर फारच. “ठसा येत नाही, नंतर या” एवढ्यावर परत फिरू नका. डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, ती मागा. आणि धान्य कुठल्याही रेशन दुकानातून उचलता येतं. एका दुकानदाराशी पटत नसेल तर दुसऱ्याकडे जा.

श्रावणबाळ योजनेबद्दल तुम्ही विचारलंय. तिथे मात्र तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पासष्टच्या वरच्यांना महिन्याला दीड हजार मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. शिवणाचे पैसे लपवले तर तुम्ही बसाल, खरं लिहिलं तर बसत नाही. कोणी एजंट “लिहूच नका ते” म्हणेल. त्याच्या नादी लागू नका. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं खरोखर तेवढंच उत्पन्न आहे त्यांनी मात्र तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजनेच्या शाखेत जरूर अर्ज करावा.

यजमान सत्तरीच्या वर आहेत, तेव्हा त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळातल्या उपचारांना ते चालतं. रोजच्या गोळ्यांना नाही. त्यासाठी जनऔषधी केंद्रात त्याच औषधाचं मूळ नाव सांगून विचारा, बिलात फरक दिसेल. तो वाचलेला पैसा दुधाचा.

एक सल्ला तुम्हाला बरेच जण देतील, म्हणून आधीच बोलते. “यजमानांना त्या कपाटाच्या कामाला लावा, म्हणजे फुकटचं खाल्ल्यासारखं वाटणार नाही.” वरवर छान आहे. स्टोअरकीपरच्या हाताखाली कपाटाची वही सरळ होईल, जुना माल पुढे आणि नवा मागे लागेल, तारीख उलटलेली पाकिटं वेळेत बाहेर निघतील. अशा ठिकाणी हेच नेमकं जमत नसतं. त्यांना आवड असेल तर त्यांनी अवश्य जावं. पण धान्याची परतफेड म्हणून नको. एकदा का डाळ ही कामाची मजुरी झाली, की ज्या दिवशी गुडघे साथ देणार नाहीत त्या दिवशी ते जेवायचं नाकारतील. आणि तुमच्याच रांगेत एखादी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची बायको उभी असेल. ती काय काम करून फेडणार? म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. आधी महिना-दोन महिने नुसतं घेऊ द्या. मग वाटलं तर जाऊ द्या.

आता फोटो. या शनिवारी कपाट चालवणाऱ्या बाईंना बाजूला घेऊन सांगा, “माझा फोटो नको, आणि मागचा असेल तर काढून टाका.” कारण द्यायची गरज नाही. धान्य बंद होईल अशी भीती वाटते ना? बहुतेक ठिकाणी होत नाही. त्या बायका देणगीदारांना हिशेब दाखवायच्या घाईत असतात, त्यांच्या मनात वाईट नसतं. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हा ठाण्यात, नवी मुंबईत जिथे जिथे सोसायट्या, महिला मंडळं, देवळं, गुरुद्वारे असं काम करतात त्यांना मी इथूनच सांगते. तुम्ही करताय ते फार मोलाचं आहे, म्हणूनच कळवळून सांगते. फोटो काढायचा तर भरलेल्या फळीचा काढा, माणसांचा नको. देणाऱ्याला पावती दाखवा, वाण्याचं बिल दाखवा, किती घरांना गेलं तो आकडा दाखवा. भरलेली पिशवी हातात देण्याऐवजी फळीवरून उचलू द्या. मधुमेह असलेल्या आजोबांना दोन किलो साखर नको असते, नाचणी, दलिया, मूगडाळ हवी असते. आणि निवडायला मिळालं की माणूस बाजारात आल्यासारखा ताठ उभा राहतो. म्हाताऱ्यांना दहा किलोचं ओझं एका फेरीत देऊ नका. लोकमान्य नगरच्या चढावर ती पिशवी कोण वाहून नेणार? दोन खेपांत द्या, किंवा कॉलेजच्या पोरांना घरापर्यंत पाठवा, पण त्यांच्या अंगावर मंडळाचं नाव छापलेला टीशर्ट नको. चाळीत टीशर्टवरूनच सगळं कळतं.

मुलाबद्दल. त्याच्यावर कर्ज आहे म्हणून तुम्ही गप्प आहात, पण त्याला न सांगून तुम्ही त्याच्याही वतीने ठरवून टाकलंत. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, तो मी तुम्हाला इथे सुचवत नाही. ज्यांची मुलं तोंड फिरवतात त्यांच्यासाठी तो आहे, आणि त्यांनी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करून वाट विचारावी. तुमच्या मुलाला तुम्ही अजून विचारलेलंच नाही. “पैसे पाठव” असं मोघम बोलू नका, त्याने तो घाबरेल. “बाबांच्या गोळ्यांचं बिल दर महिन्याला तू भरशील का?” असं नेमकं विचारा. तेवढं त्याला झेपेल, आणि झेपत नसेल तर तो तसं म्हणू शकेल. फोन मात्र यजमानांशी बोलून झाल्यावर करा. त्यांच्या आधी मुलाला कळलं तर ते फार मनाला लावून घेतील.

आणि समजा, हे सगळं करूनही ते म्हणाले, “मी खाणार नाही”? एखाद वेळी म्हणतील. तेव्हा भांडू नका, रडू नका, पिशवी लपवूही नका. ओट्यावर उघडी ठेवा. त्यांच्या पेन्शनमधून आणलेले तांदूळ असतील तर त्यांच्यासाठी त्याचा भात टाका, वाटलं तर वेगळ्या पातेल्यात. कपाटातल्या डाळीचं वरण करा, वर थोडी लसणीची फोडणी द्या, वास घरभर जाऊ द्या. दोन पानं एकाच वेळी मांडा. त्यांनी वरणाला हात लावला नाही तरी तुम्ही वाटीभर घ्या आणि त्यांच्यासमोर बसून पोटभर जेवा.